रिकाम्या विमानाचं वजन

१

विमानाला कोणती स्क्रीन बसवायची, एवढाच प्रश्न होता. त्यात माझे पाच महिने गेले आणि घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

विमान लहानसं. दोघांनी शेजारीशेजारी बसायचं, पुढं एक पंखा, मागं शेपूट. सुटे भाग खोक्यांतून आले आणि आम्ही ते मोडनिंबजवळ शिवराजच्या रानात, पत्र्याच्या शेडमध्ये जोडले. शेडसमोर मुरूम दाबून केलेली सहाशे मीटरची धावपट्टी. शिवराज माझा जुना विद्यार्थी. सोलापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी एकतीस वर्षं मोजमापाची यंत्रं शिकवली, त्यामुळं अर्ध्या जिल्ह्यातली माणसं मला वेणीमाधव सर म्हणून ओळखतात आणि माझ्या खवटपणाच्या गोष्टी सांगतात. रिटायर झाल्यावर मी रोज सकाळी जुळे सोलापुरातून डबा घेऊन निघायचो आणि साडेनऊला शेडचं कुलूप काढायचो.

पूर्वी अशा विमानात गोल तबकड्या असत. वेगाची एक, उंचीची एक, विमान किती कललंय ते दाखवणारी एक, इंजिनाच्या आणखी चार. आता सगळं एका काचेवर येतं. वर निळं आभाळ, खाली तपकिरी जमीन, मधे क्षितिजाची पांढरी रेघ. काचेमुळं नऊ किलो वजन वाचतं, म्हणून उर्वीनं काचेचाच हट्ट धरला होता.

उर्वी माझी मुलगी. वैमानिकाचं लायसन्स मिळून तिला दोन वर्षं झाली होती आणि नोकरी कुठंच नव्हती. टेबलावर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणून ठेवलं होतं, पण ती ते उघडत नसे. या विमानाचं पहिलं उड्डाण तिनं करायचं, नियमाप्रमाणे एकटीनं, असं ठरलं होतं. त्याची परवानगी चौदा महिन्यांनी आली आणि ती एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी संपत होती. तोवर विमान उडालं नाही तर मी ते पुस्तक उघडते, असं तिनं मला शांतपणे सांगून ठेवलं होतं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२

पहिली स्क्रीन अमेरिकेची. बसवली, तारा जोडल्या, बटण दाबलं. सगळं सुरेख उजळलं. मग मी आतल्या पानावर गेलो, जिथं कल आकड्यात दिसतो. आकडा होता: उजवीकडे पॉइंट सहा.

म्हणजे उभं असलेलं विमान अर्ध्या अंशाहून जास्त उजवीकडं कललंय, असं तिचं म्हणणं. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच. पण पहिल्याच दिवशी खोटं बोलणारं यंत्र मी घरात ठेवत नाही. विमानाचा कल ओळखते ती सेन्सरची डबी काढली, शेडमधल्या लोखंडी टेबलावर ठेवली, गवंड्याची पाणसळ लावून टेबल तपासलं. आकडा शून्य. डबी परत विमानात बसवली. उजवीकडे पॉइंट सहा.

बंगळुरूच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, विमानातच शून्य करून टाका सर, सगळे तसंच करतात. एक बटण आहे, ते दाबलं की आहे त्या स्थितीला यंत्र सरळ समजतं. माझं डोकंच फिरलं. ताप आलेल्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवायचा आणि जो आकडा येईल तो नॉर्मल धरायचा, असली ही तऱ्हा. मी त्याला अर्धा तास मोजमापाचं मूलतत्त्व समजावून सांगितलं आणि स्क्रीन परत पाठवली.

दुसरी स्क्रीन युरोपातली. ती यायला सात आठवडे लागले. बसवली. उजवीकडे पॉइंट सहा.

३

दोन वेगळ्या देशांतली, दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकच चूक करत नाहीत. हे मी पोरांना शिकवत आलो होतो. तेव्हा चूक यंत्रात नसून विमानात आहे, असं धरून मी कामाला लागलो.

चाकांतली हवा मोजली. दोन्हीकडं सारखी. चाकांचे पाय मोजले, तेही सारखे. फरशीला उतार असेल म्हणून शिवराजला बोलावलं आणि आम्ही दोघांनी विमान जागच्या जागी उलटं फिरवलं, तोंडाच्या जागी शेपूट. उतार फरशीचा असता तर कल आता डावीकडं दिसायला हवा होता. तो उजवीकडंच राहिला. शेवटी छताला ओळंबा बांधून विमानाच्या मधोमध सोडला. ओळंब्याला ना बॅटरी ना कंपनी. त्यानंही तेच सांगितलं.

मग उर्वी आली. डाव्या दारानं चढून डाव्या खुर्चीत बसली, वैमानिकाच्या जागेवर. आकडा शून्य झाला.

"बघा, बरोबर आहे स्क्रीन," ती म्हणाली.

मी तिला उतरायला सांगितलं. उजवीकडे पॉइंट सहा. परत बसवलं. शून्य. असं चार वेळा केल्यावर ती चिडली. तिचं म्हणणं, विमान माणसासाठी असतं, माणूस बसल्यावर ते सरळ होतंय तर बिघडलं कुठं. मी म्हटलं, एका बाजूला माणूस बसल्यावर विमान वाकडं व्हायला हवं, सरळ नव्हे. सरळ व्हायचं असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढंच काहीतरी हवं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला मी उडायला नको असेन तर तसं सांगा.

शिवराज मधे पडला. "सर, एवढ्या येळेत तर आमी पोरीचं लगीन जमवून मोकळं हुतो की." कुणी हसलं नाही. ती दोघं चहाला ढाब्यावर गेली आणि मी शेडमध्ये एकटा राहिलो.

शेडची दारं ओढून घेतली होती. बाहेर वारा पडलेला, पत्रा तापून मधूनच टिक वाजायचा. मी डाव्या दाराशी उभा राहून आकड्याकडं बघत होतो, आणि तेव्हा लक्षात आलं की तो स्थिर नव्हता. पॉइंट सहा. पॉइंट पाच. पॉइंट सहा. हळूच जायचा आणि हळूच यायचा. हायवेवरच्या ट्रकचा हादरा असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण हादरा असा लयीत येत नाही. सवयीनं मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गातल्या पोरांना स्वतःचे श्वास मोजायला लावायचो, मोजायची सवय लागावी म्हणून. सोळा हा आकडा मला नवा नव्हता. मी घड्याळावर बाही ओढली आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

४

पहिल्या उड्डाणाआधी रिकाम्या विमानाचं वजन करून फॉर्ममध्ये भरावं लागतं. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे आणि बेरीज करायची. शिवराजनं मार्केट यार्डातून काटे आणले आणि बरोबर धोंडीरामला आणलं.

धोंडीरामनं साखर कारखान्याच्या काट्यावर सत्तावीस हंगाम काढलेले. उसाच्या गाडीत एखादा गडी मोळ्यांमागं लपला की वजन वाढतं, म्हणून काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीला दोन थापा मारून 'उतरा' म्हणायचं, सगळे उतरले की 'मोकळा' म्हणून हाळी द्यायची आणि मगच आकडा लिहायचा, ही त्याची रीत. विमान काट्यांवर चढवल्यावर त्यानं तेच केलं. पंख्यामागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "उतरा." मला हसू आलं. मग तो वाकून तिन्ही आकडे बघत बसला.

मी प्रत्येक भाग बसवण्याआधी तोलून वहीत लिहिला होता. बेरीज तीनशे अठरा किलो. काटे म्हणत होते तीनशे शहात्तर. अठ्ठावन्न किलो जास्त. मी काटे बदलले, जागा बदलली, इंधनाची टाकी कोरडी असल्याची परत खात्री केली. माझाच आवाज चढत चालला होता, शिवराजवर, काट्यांवर, सगळ्यांवर. धोंडीराम मात्र उकिडवा बसून उजव्या चाकाच्या काट्याकडं बोट दाखवत होता. शेवटचा आकडा एकानं वर जायचा, एकानं खाली यायचा.

"सर," तो म्हणाला, "लोखंड असं हालत न्हाय. आत मानूस बसलाय."

मी रागारागानं उजवं दार उघडलं. खुर्ची रिकामी. नवी कोरी, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मी हात लांब केला. खुर्चीच्या पाठीला टेकण्याआधीच तो थांबवला. का थांबवला, ते मला सांगता येत नाही. बोटांना काही लागलं नव्हतं. फक्त प्लास्टिक बसायच्या जागी खाली दबलेलं होतं, आणि दुसऱ्या खुर्चीवरचं फुगलेलं होतं.

मी दार लावलं आणि धोंडीरामला म्हटलं, मोकळा म्हणा, आकडा मी लिहितो. तो उठला, गुडघे झटकले आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. "मानूस उतरल्याबिगर मी मोकळा म्हनत न्हाय," एवढंच बोलला. शिवराजनं चहाचा आग्रह केला, पण तो थांबला नाही. काटे तिथंच टाकून पायीच हायवेकडं गेला.

फॉर्ममध्ये मी वहीतला आकडा भरला. तीनशे अठरा.

५

तिसरी स्क्रीन मी का मागवली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा एखादं तरी यंत्र वेगळं बोलेल, या आशेवर. परवानगीचे चार दिवस उरले असताना ती आली. बसवली. उजवीकडे पॉइंट सहा.

त्या दिवशी शेडमध्ये त्रेचाळीस डिग्री होतं. उर्वी दारात उभी राहून माझी पाच महिन्यांची वही चाळत होती. मी तिला काटे, अठ्ठावन्न किलो, मिनिटाला सोळा, सगळं सांगायला तोंड उघडलं. पण कसं सांगणार? मोजमाप शिकवण्यात आयुष्य घातलेल्या माणसानं लेकीला म्हणायचं, की शेजारच्या खुर्चीत कुणीतरी आहे? ती सरळ गाडीत बसली असती. घरी गेली असती आणि पुस्तक उघडलं असतं.

आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. पाच महिने एकाच आकड्याशी डोकं फोडून माणूस कशाला तयार होतो, ते मला त्या दिवशी कळलं. मी आतल्या पानावर गेलो, ते बटण शोधलं आणि दाबलं. आहे त्या स्थितीला सरळ समज.

आकडा शून्य झाला.

"झालं?" उर्वीनं विचारलं. मी हो म्हटलं. ती धावत आली आणि लहानपणी पडायची तशी माझ्या गळ्यात पडली. मग वर चढून डाव्या खुर्चीत बसली. स्क्रीननं दाखवलं, डावीकडे पॉइंट सहा. उतरल्यावर परत शून्य. रिकामं विमान सरळ, माणूस बसला की त्याच्या बाजूला वाकडं, अगदी पुस्तकात असतं तसं. तिला ही स्क्रीन पसंत पडली.

६

शुक्रवारी सकाळी सात वाजता विमान उडालं. धुरळा खाली बसायच्या आत ते बाभळींच्या वर होतं. शिवराज टाळ्या वाजवत होता. माझी बायको सरोजिनी पदर तोंडावर धरून उभी होती. माझ्या हातात रेडिओ होता.

एक गोष्ट मी उर्वीला तीनदा बजावली होती. तू एकटी, डाव्या बाजूला. विमान डावीकडं ओढणार. दांडा सतत किंचित उजवीकडं दाबून धर.

तीन मिनिटांनी तिचा आवाज आला. खुशीत होती. "बाबा, हात सोडला तरी सरळ जातंय. काहीच दाबावं लागत नाही."

सरळ जायचं तर उजवीकडं तेवढंच वजन हवं. मी म्हटलं, उतर. ती म्हणाली, आत्ताच तर आलेय, एक चक्कर मारते. मी परत म्हटलं, उतर. सरोजिनीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लग्नात अपशकुन केलाय.

मग उर्वीचा आवाज आला, जरा हळू. "बाबा, तुम्ही काय म्हणालात?"

"उतर म्हणालो."

"त्याच्या आधी. माझं नाव घेऊन काहीतरी म्हणालात."

मी काहीच म्हणालो नव्हतो. तसं सांगितलं. तिनं बोलायचं बटण दाबलेलंच असावं, कारण इंजिनाचा आवाज येत राहिला, आणि त्या आवाजाखाली काहीतरी बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते. एक बोलत होतं, मग थांबत होतं, आणि थांबल्यावर उर्वी हं म्हणत होती. मी हाका मारत राहिलो. आपलं बटण दाबलेलं असलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मारत राहिलो. चाळीसेक सेकंदांनी आवाज तुटला.

विमान वळलं आणि खाली आलं. इतकं अलगद टेकलं की मुरूमसुद्धा उडाला नाही.

७

शिवराज हार घेऊन डाव्या दाराशी जाऊन थांबला. उर्वी उजव्या दारानं उतरली.

त्याला विमानाला वळसा घालून जावं लागलं. तो हसत काहीतरी म्हणाला, तीही हसली, म्हणाली की त्या बाजूला ऊन होतं. हार घालून घेतला. आईच्या पाया पडली. सरोजिनी तिच्या तोंडावरून हात फिरवत रडत होती. मग ती माझ्याकडं आली, वाकली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस गार होते. वर गारवा असतोच, मी स्वतःला म्हटलं. ती धडधाकट समोर उभी होती. मला तेवढंच हवं होतं.

सगळे गाडीकडं निघाले. स्क्रीन चालूच राहिली होती, ती बंद करायला मी डावं दार उघडलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी सवयीनं आतल्या पानावर गेलो.

डावीकडे एक पॉइंट दोन.

मी आकडेमोड केली. दुसरं काही मला येतच नाही. बटण दाबताना उजव्या खुर्चीत जे होतं, ते धरून यंत्रानं शून्य मानलं होतं. उर्वी बसली की डावीकडे पॉइंट सहा. उर्वी आत असताना उजवीकडचं उतरलं, तर आणखी पॉइंट सहा. एक पॉइंट दोन. दुसरा हिशेब बसत नाही. मी तो तीनदा करून बघितला.

उजवीकडचं उतरलं होतं. डावीकडचं अजून आत होतं.

आकडा थरथरत होता, पण पूर्वीसारखा लयीत नव्हे. घाईघाईनं वर जात होता, खाली येत होता. खूप पळाल्यावर माणसाचा श्वास होतो तसा.

"उर्वी," मी हळू आवाजात खुर्चीला म्हटलं.

"काय बाबा?" मागून, गाडीजवळून, ती म्हणाली. "चला ना. आई दमलीय."

स्क्रीनवर आकडा एक पॉइंट दोनवरून एक पॉइंट पाचवर गेला. डावीकडं, दाराकडं, मी उभा होतो तिकडं. आतून कुणीतरी माझ्या दिशेनं वाकलं होतं, जितकं वाकता येतं तितकं.

सरोजिनीनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं आणि गळ्यात हार घातलेली ती आत बसली होती. हॉर्न वाजला. स्क्रीन चालू ठेवली तर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. मी स्विचवरचा हात काढून घेतला आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवला. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तरी मी हात उचलला नाही.